गोंधळमुक्त शाळा

हिरवा रंग दिसला की मला हल्ली मळमळतं. मेथीच्या जुडीचा चालतो, साडीचाही चालतो, पण आमच्या वर्गाच्या भिंतीवर जो हिरवा पेटलेला असतो ना, तो बघितला की सकाळचा चहा घशाशी येतो. मी नलिनी काळमेघ. अमरावतीहून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावात गणित शिकवते, आणि शिकवून शिकवून केस पांढरे केले आहेत. मला राग येतो तेव्हा तो उगाच येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

यंदा जूनच्या शेवटी शाळा उघडली. आमच्या विदर्भात ऊन उतरायला वेळ लागतो, म्हणून शाळाही उशिराच उघडतात. फाटकावर कोरा करकरीत फ्लेक्स होता : 'गोंधळमुक्त शाळा अभियान. आम्ही सज्ज आहोत!' त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, उपाध्यक्षांचा फोटो, अध्यक्षांच्या दोन पुतण्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात, चिमुकला, एक विद्यार्थी. तोही इंटरनेटवरून उचललेला, गोरापान, टाय लावलेला. आमच्या शाळेत टाय नाही.

गावं हागणदारीमुक्त झाली, तंटामुक्त झाली, आता शाळा गोंधळमुक्त. म्हणजे वर्गातल्या एकाही पोराच्या डोक्यात गोंधळ नको. ऐकायला किती गोड! आणि या सगळ्या घाणीची सुरुवात माझ्या घरात झाली, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पोटच्या पोरीपासून.

झालं असं. तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर तो ओरडा तुम्हीही दिला असेल. मास्तर फळ्याकडून वळून विचारतात, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात, "होऽऽऽ!" एकालाही समजलेलं नसतं. मास्तरांनाही ते माहीत असतं. तरी मास्तर पुढचं उदाहरण घेतात आणि पोरं पुढचा 'हो' तयार ठेवतात. त्या 'हो'ची मला पहिल्या दिवसापासून चीड. माझी मुलगी केतकी माझ्याच वर्गात होती. रात्री जेवताना मी तणतणायची, "मेल्यांनो, एकदा तरी नाही म्हणा रे! कोणाचं काय अडलंय ते मला कळणार कसं?" ती पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत बसायची.

पुढे केतकी पुण्याला गेली, मेंदूचा अभ्यास केला, एका कंपनीत लागली आणि तिथे तिने बिंदू बनवला. मला समजावलं ते असं. आपला मेंदू गप्प बसत नाही. पुढे काय होणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंधारात जिना उतरताना वाटतं अजून एक पायरी आहे, आणि ती नसते. पाय आदळतो, काळजात धस्स होतं. ते धस्स आधी मेंदूत होतं. अंदाज चुकला की तिथे विजेची एक बारीक लाट उठते. गणितातही तसंच. एकदा उठून विरली तर काही नाही. पण पोरगं त्या चुकलेल्या पायरीवर घुटमळत राहिलं तर लाटा येतच राहतात, नाडी किंचित बदलते, कातडीला हाताला न जाणवेल इतका घाम सुटतो.

शर्टाच्या बटणाएवढा बिंदू कानामागे चिकटवायचा. तो हे सगळं वाचतो आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या पोराच्या नावापुढे रंग दाखवतो. डोकं सरळ चाललंय, हिरवा. अडखळलं, पिवळा. अडखळून तिथेच झगडतंय, लाल.

"लाल म्हणजे ढ नाही हं, आई," केतकी मला पुन्हा पुन्हा म्हणाली. "लाल म्हणजे तिथे जाऊन बस."

माझी छाती इतकी फुगली होती की विचारू नका. किराणा दुकानात सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. गेल्या जूनमध्ये जिल्ह्यात सगळ्यात आधी आमच्या शाळेत बिंदू आले.

आणि खरं सांगते, दिवाळीपर्यंत मी जन्मात पहिल्यांदा शिकवलं. "समजलं का?" "होऽऽऽ!" आणि भिंतीवर निम्मा वर्ग लाल. पोरं माना वळवून भिंतीकडे बघायची आणि फिदीफिदी हसायची. चोरी पकडली गेल्याचं ते हसू होतं, आणि मीही हसायची. मग लाल दिसेल त्या बाकावर जाऊन बसायची.

तिथेच मला राही सापडली. राही गावंडे, तेव्हा सातवीत. बाप नाही, आई कुंदाताई गावात ब्लाउज शिवते. तोवर ही पोरगी माझ्या डोळ्यांत कधी भरलीच नव्हती. दशांश अपूर्णांक चालू होते. एकला तीनने भागा. शून्य पूर्णांक तीन, तीन, तीन, चालू द्या. "समजलं का?" "होऽऽऽ!" आणि राही लालभडक.

मी शेजारी जाऊन बसले. "काय अडलं गं?"

ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, घरी मी, आई आणि आजी. एक पोळी उरली की आई तिचे तीन तुकडे करते. होतात बरोबर. काही उरत नाही. मग इथे काऊन संपत नाही?"

इतकी वर्षं मी हा भागाकार शिकवते. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. उत्तर मला येत होतं, जिभेवरही आलं होतं, पण मी ते गिळलं. तिच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मला मोडायचं नव्हतं.

"तूच शोध," मी म्हटलं. "सापडलं की मला सांग. घाई नाही."

पोरगी दिवसचे दिवस लाल. मी दुसरं काही शिकवत असले तरी हिचं मन पोळीवर. मला काय आनंद होत होता! रोज सकाळी वर्गात शिरल्यावर मी आधी तिच्या नावाकडे बघायची. लाल दिसलं की बरं वाटायचं.

दिवाळीनंतर अभियान आलं.

वरच्या खात्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं की रंग मोजता येतात, म्हणजे शाळाही मोजता येतील. ज्या वर्गात लाल जास्त, तो शिक्षक कच्चा. जिथे सगळं हिरवं, ती शाळा आदर्श. महिनाभर सतत लाल राहणाऱ्या पोराला 'सहाय्य गटा'त घालायचं. नाव किती मायेचं! तिथे बीजगणित नाही, भूमिती नाही, विज्ञानाची जाड पुस्तकं नाहीत, सोपे धडे आणि रंगीत चित्रं. आणि एकदा त्या गटाचा शिक्का बसला की दहावीपर्यंत निघत नाही.

मग आमच्या शाळेची अक्कल बघा कशी चालली. आधी सर्वांनी पुढचं शिकवणं बंद केलं. नवीन काही शिकवलं की लाल होणारच, तर मग शिकवताच कशाला? सातवीत पाचवीचं शिकवा. येतं ते परत शिकवा. इतिहासाचे वऱ्हाडपांडे सर एकच धडा इतक्या वेळा घ्यायचे की पोरं त्यांच्याआधी वाक्य पूर्ण करायची. भिंत मात्र पानमळ्यासारखी हिरवी.

पण खरी कमाल केली ती आमच्या मुख्याध्यापकांनी, उमक सरांनी. त्यांनी गणिताचा तास उचलून पोषण आहाराच्या खिचडीनंतर ठेवला. मी भांडायला गेले तर म्हणाले, "मॅडम, प्रयोग करून पाहिला. पोट भरलं की पोरं हिरवी होतात."

"सर, ती पेंगतात!"

"पेंगू द्या ना. भिंत काय म्हणते ते बघा."

त्या दिवसापासून खिचडीचा वास आला की मी नाकाला पदर लावायला लागले. वर्गात शिरावं तर पोरांचे डोळे जड, तोंडं अर्धी उघडी, आणि समोर भिंतीवर सगळ्या नावांपुढे हिरवे ठिपके. मी काय बरळले असते तरी हिरवेच राहिले असते. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "पाच गुणिले सहा म्हणजे चाळीस. समजलं का?" "होऽऽऽ!" भिंत हिरवी.

एक राही तेवढी लाल. खिचडी खाऊनही लाल.

मार्चमध्ये उमक सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. राहीला सहाय्य गटात पाठवण्याचा. वर्गशिक्षक म्हणून माझी सही हवी होती. "तुमच्या वर्गात तेवढा एकच डाग उरलाय, मॅडम," ते म्हणाले.

डाग! मी कागद उलटा करून ठेवला. "सर, अख्ख्या शाळेत विचार करणारी एकच पोरगी आहे आणि तिला तुम्ही डाग म्हणता? मी सही करत नाही. जा, करा काय करायचं ते."

उमक सर वाईट माणूस नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझे तास घेतले होते. त्यांनी चष्मा पुसला. "बरं, जूनपर्यंत थांबतो. पण मग माझ्याही हातात काही राहणार नाही. तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा."

दुसऱ्या दिवशी कुंदाताई घरी आली. पदराने डोळे पुसत बसली. "मॅडम, पोरगी लाल निघाली म्हणतात सगळे. शेजारची मले म्हणते, लाल पोरीले उद्या सून करून कोण घेईल? तुम्हीच सांगा, माह्या पोरीत काय कमी हाय?"

"काही कमी नाही, कुंदाताई. उलट चार पोरींचं डोकं तिच्या एकटीत आहे."

"मग लाल काऊन?"

केतकीने मला सांगितलेलं मी तिला सांगितलं. जिना, पायरी, सगळं. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "कळलं ना?" ती म्हणाली, "हो." आणि तो 'हो' कसला होता ते मला लगेच कळलं.

ही झाली गेल्या वर्षाची गोष्ट. आता या जूनची.

शाळा उघडायच्या आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय : 'नव्या वर्षात अध्यापनाचा पुनर्विचार'. सकाळी आलुबोंडा आणि तर्री, दुपारी आलुबोंडा तर्रीशिवाय. व्यासपीठावरचा तरुण इतका गोड बोलत होता की माझे दात आंबले. त्याने आम्हाला डोळे मिटायला लावले आणि 'मी आनंदाचा झरा आहे' असं म्हणायला लावलं. वऱ्हाडपांडे सर म्हणाले सुद्धा. मग त्याने पुनर्विचार सांगितला, तो असा : शिक्षकाने मुलाला प्रश्न विचारू नये, कारण प्रश्नाने गोंधळ होतो. मी हात वर केला. "साहेब, मग शिकवायचं कसं?" त्याने हसून टाळ्या वाजवायला सांगितल्या. माझ्या प्रश्नासाठी! सगळ्यांनी वाजवल्या, आणि उत्तर राहूनच गेलं. मी बाहेर जाऊन नळावर चूळ भरली.

पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात शिरले आणि सवयीने राहीच्या नावाकडे बघितलं.

हिरवं.

मला वाटलं, बिंदू बिघडला. बदलून बघितला. हिरवं. मी शिकवायला लागले, मुद्दाम अवघड घेतलं. हिरवं. पोरगी समोर बसली होती, दोन वेण्या, नवी रिबन, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. क्षणभर मला वाटलं, सापडलं वाटतं हिला पोळीचं उत्तर! मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं.

"काय गं, हिरवी झालीस?"

"हो मॅडम. मी सुधारली."

"कशी?"

"आईनं क्लास लावला होता सुट्टीत. चौकातला. हिरवा बिंदू क्लासेस."

मी त्या क्लासची पाटी पाहिली होती, पण मला वाटलं होतं रोपवाटिका असेल. "काय शिकवतात तिथे?"

राही पाठ म्हटल्यासारखं सांगू लागली. "फळ्याकडं बघायचं पण वाचायचं नाही. मॅडम बोलतात तो आवाज ऐकायचा, शब्द नाही. आणि मनात 'असं काऊन?' आलं की हळूच श्वास सोडायचा आणि मनातल्या मनात म्हणायचं..."

"काय म्हणायचं?"

"हो मॅडम."

माझ्या तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. जो 'हो' मला पोरांच्या तोंडातून काढायचा होता, तो आता त्यांच्या डोक्यात आत नेऊन बसवला होता. आणि त्यासाठी कुंदाताईने रात्र रात्र ब्लाउज शिवले असणार.

"आणि पोळीचं काय झालं?" मी विचारलं.

राहीने हळूच श्वास सोडला. "कोणती पोळी, मॅडम?"

त्या आठवड्यात उमक सर मला रोज भेटायचे आणि हात जोडायचे. "मॅडम, मानलं तुम्हाला! तुम्ही थांबा म्हणालात आणि पोरगी सुधारली." तो सहाय्य गटाचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. मी हसले नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं.

जुलैत तपासणीचं पथक आलं. पथकाबरोबर कंपनीची माणूस म्हणून केतकी होती. लेक सासरहून माहेरी आल्यासारखं फाटकात तिला ओवाळलं. उमक सरांनीच ठरवलं होतं ते. माझ्या वर्गात आदर्श पाठ होता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज. हा पाठ मला पंधरवडाभर रोज घ्यायला लावला होता, त्याच उदाहरणांसह, त्याच विनोदासह. कुठल्या वाक्याला कोणी हात वर करायचा तेसुद्धा ठरलेलं.

मी तो पाठ घेतला. हो, घेतला! वर्गभर पोरं माझ्याकडे बघत होती आणि एकही मला बघत नव्हतं. विनोद झाला, पोरं हसली. "समजलं का?" "होऽऽऽ!" भिंत अशी हिरवी की पथकातल्या बाईंनी मोबाइलवर फोटो काढला. पथकप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. मग 'सर्वाधिक सुधारणा' म्हणून राहीला कंपासपेटी दिली. दारात उभ्या कुंदाताईने डोळ्यांना पदर लावला, पण या वेळी आनंदाने, आणि मला तिच्याकडे बघवेना. केतकी मागच्या बाकावर होती. तिने हातातल्या टॅबवरून डोळे वर उचलले नाहीत.

संध्याकाळी ती घरी आली. मी कणीक मळत होते. ती पाटावर बसून म्हणाली, "बोल, आई. तुला बोलायचंय ते कळतंय मला."

"तुझा तो बिंदू झोपलेलं पोर आणि समजलेलं पोर वेगळं ओळखतो का?"

तिने परातीबाहेर सांडलेलं पीठ बोटाने गोळा केलं.

"केतकी, मी तुला विचारतेय."

"नाही ओळखत," ती म्हणाली. "अंदाज चुकला की लाट उठते. पोराने अंदाजच बांधला नाही तर चुकणार काय? ज्याला समजलंय तोही हिरवा आणि ज्याने डोकं बंद केलंय तोही हिरवा."

"तुला हे माहीत होतं?"

"पहिल्यापासून. म्हणून तर म्हणत होते, हिरव्याकडे बघूच नका, लालकडे बघा! मी कंपनीच्या बैठकीत बोलले होते, आई. ते म्हणाले, हिरवं विकलं जातं."

"आणि तू गप्प बसलीस."

"मग काय करायला हवं होतं? नोकरी सोडायची? बिंदू माझा राहिलेला नाही. मी सोडून गेले तरी तो चालूच राहील."

मी हात धुतले. पिठाचे हात धुताना मला तिच्याकडे पाठ करता आली, ते बरं झालं. "मला तुझी किळस येते," मी म्हटलं. पोटच्या पोरीला असं म्हणायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये. "आज वर्गात ती पोरं बसली होती ना, बाजारातल्या मेणाच्या फळांसारखी, ती तुझी आहेत. आणि माझीही. मी शिकवलं त्यांना आज."

केतकी उठून आत गेली. सकाळी मी उठायच्या आधी ती निघून गेली होती. न जेवता.

त्या दिवशी शाळा सुटली तेव्हा पोरं रांगेने बिंदू काढून ताटात टाकत होती. तो आमचा रोजचा नेम. खिचडीचंच स्टीलचं ताट, त्यात टपटप बिंदू पडतात, मग शिपाई ते चार्जिंगला लावतो. सगळी पोरं गेली. राही मागे राहिली. तिने कानामागे हात फिरवून बघितलं, बिंदू नाही ना. मग ताटाकडे बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, ते पोळीचं मले सापडलं."

मी खुर्चीवर बसलेच.

"आई पोळीचे सरळ तीन तुकडे करते. आपण भागाकारात तसं नाही करत. आपण आधी एकाचे दहा करतो. दहातले तीन-तीन तिघांले दिले की एक उरतो. त्याचे परत दहा करतो, परत एक उरतो. तो उरणारच. चूक तीनची नाही, मॅडम. दहाची हाय." ती धापा टाकत होती, गाल तापले होते. भिंत चालू असती तर तिचं नाव लालबुंद पेटलं असतं. "आपल्याला दहा बोटं, म्हणून आपण दहा करतो. बारा असती तर संपलं असतं का?"

मला रडू आलं. तिच्यासमोर मला ते आवरता आलं नाही. "अगं बाई गं! पण तू तर म्हणालीस, कोणती पोळी!"

"ते शाळेत म्हटलं होतं ना." तिला माझ्या रडण्याचं आश्चर्य वाटलं असावं. मला धीर द्यावा तसं ती म्हणाली, "तुम्ही काळजी नका करू, मॅडम. मी घरी करते विचार. शाळेत नाही करत. शाळेत विचार करत नसतात, बिंदू असतो."

आणि दप्तर पाठीला लावून ती उड्या मारत गेली.

इतक्या वर्षांची नोकरी, आणि माझ्या सगळ्यात हुशार पोरीला कळलं काय, तर शाळेत विचार करायचा नसतो. शिपाई ताट न्यायला आला तेव्हा त्या ताटाकडे बघून मला खरंच ओकारी आली. मी त्याला म्हटलं, "राहू दे आज. माझ्याजवळ राहू दे."

मला नियम माहीत होते. बिंदू नसलेला वर्ग 'बंद' धरतात. एक वर्ग बंद पडला की शाळेचं 'गोंधळमुक्त' जातं, शिक्षकाला नोटीस येते. आणि बंद वर्गाचे आधीचे हिरवेही धरत नाहीत, म्हणजे राहीची सुधारणाही जाणार, तो फाटलेला कागद परत छापता येतो. कुंदाताईला मी काय सांगणार होते ते मला अजूनही माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी शिकवायचं होतं ना मला. तसं मला आता शिकवता येणार नव्हतं.

सकाळी आठवीची पोरं रांगेने आली, सवयीने कान पुढे करून. ताट टेबलावर होतं. मी त्यावर झाकण ठेवलं.

"बसा."

"बिंदू, मॅडम?"

"आज नाही."

पोरं बसली, पण अवघडून. भिंत काळी होती. टेबलावर माझा फोन थरथरायला लागला. केतकी. वर्ग बंद पडला की तिला तिथे पुण्यात कळतं. मी तो पालथा घातला. फळ्यावर लिहिलं : एक भागिले सात. भागाकार करत गेले, आकडे लांबत गेले, आणि पाठीमागे दारात चपला वाजल्या. उमक सर.

"मॅडम, भिंत काळी का? वरून फोन आलाय. बंद पडलाय का वर्ग?"

"थांबा सर, जरा बघा." मी पोरांकडे वळले. "समजलं का?"

"होऽऽऽ!" सर दारात म्हणून नेहमीपेक्षा मोठ्याने.

उमक सरांचा जीव भांड्यात पडला. "बघा, समजलं त्यांना. आता ते बिंदू लावा बरं पटकन, म्हणजे काही झालंच नाही असं कळवतो मी."

मी हलले नाही. पोरांकडेच बघत राहिले. पोरांनी भिंतीकडे बघितलं, तिथे काही नव्हतं. एकमेकांकडे बघितलं. कोणी खोकलं. मी तरी तशीच उभी. पोरांना वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

राहीचा हात हळूच कानामागे गेला. तिथे बोटं फिरली, थांबली. ती उठली. तिने एकदा उमक सरांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "नाही समजलं."

उमक सर काही बोलायला गेले, पण मागच्या बाकावरून आवाज आला, "मलेही नाही." मग खिडकीजवळून, "मॅडम, मला पण नाही." आणि मग भीड चेपली तशी चढाओढ लागली, कोणी हात वर करून, कोणी बाकावर चढून. नाही मॅडम. नाही. मला तर पहिल्यापासूनच नाही!

फोन परत थरथरायला लागला होता. मी फळा स्वच्छ पुसला, नवा खडू घेतला आणि उमक सरांसाठी खुर्ची ओढली.

"बसा सर," मी म्हटलं. "शाळा आत्ता सुरू होतेय."